बौद्धाच्या घराच्या सहा दिशा

(नवदीक्षित कुटुंबांसाठी धम्मपाठ)



तुम्ही दीक्षा घेतली. त्रिशरण-पंचशील म्हटले, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, अंगावर पांढरी वस्त्रे होती, डोळ्यांत पाणी होते. समारंभ आटोपून घरी आलात आणि उंबरठ्यावरच पहिला प्रश्न उभा राहिला. या घराचे आता काय करायचे? भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी आहेत. देव्हाऱ्यात आजीचे टाक आहेत. दारावर लिंबू-मिरची लोंबते आहे. शेजारणीने सांगितले आहे की तुमचे स्वयंपाकघर चुकीच्या कोपऱ्यात आहे. आणि कपाटावर एक ढेरपोट्या, हसरा पुतळा बसला आहे. कोणीतरी वाढदिवसाला दिलेला. त्याला सगळे 'लाफिंग बुद्धा' म्हणतात. मुलगी विचारते, "हा आपलाच बुद्ध ना? मग राहू दे ना!"

मुलीचा प्रश्न साधा आहे, पण त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. आजचा पाठ त्यासाठीच.

प्रथम तो हसरा पुतळा. हा तथागतांचा पुतळा नव्हे. दहाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या चेच्यांग प्रांतात एक भटका भिक्खू होऊन गेला. खांद्यावर कापडी झोळी टाकून तो गावोगाव फिरे, मिळेल ते झोळीत टाकी, मुलांत रमे. चिनी भाषेत अशा झोळीला 'बुदाय' म्हणतात. तेच त्याचे नाव पडले. पुढे लोक त्याला भावी बुद्ध मैत्रेयाचा अवतार मानू लागले, आणि त्याच्या मूर्ती चीनमधल्या विहारांत बसल्या. जपानात त्यालाच 'होतेई' म्हणतात. भिक्खू म्हणून त्याच्याविषयी आपल्याला अनादर नाही. ज्याने काही साठवले नाही, जो झोळीतले वाटत फिरला, त्याच्या पोटावरून हात फिरवला की घरात पैसा येतो, हे मात्र त्याला कोणी सांगितले असते तर तो आणखीनच मोठ्याने हसला असता! आपला शास्ता शाक्यमुनी गौतम बुद्ध. त्यांचा जन्म लुंबिनीचा, संबोधी बुद्धगयेची, महापरिनिर्वाण कुशीनाऱ्याचे. दोघांची गल्लत करू नका, आणि मुलांना हा फरक स्पष्ट सांगा.

आता फेंगशुई. 'फेंग' म्हणजे वारा, 'शुई' म्हणजे पाणी. ही चीनची जुनी विद्या. तिच्या सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एक, ज्याचे कर्तृत्व क्वो फू या तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या पंडिताकडे दिले जाते, तो मुळी थडग्यांच्या जागेविषयी आहे. मेलेल्याला कोठे पुरले असता जिवंतांचे भले होईल, याचा तो विचार. पुढे लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी ही पाच तत्त्वे, यिन आणि यांग, आठ दिशांची आकृती, होकायंत्र अशी तिची मांडणी वाढत गेली. पुष्कळ नवदीक्षित म्हणतात, "चीन बौद्ध देश, तेव्हा फेंगशुई बौद्धांचीच." हे खरे नाही. चीनमध्ये धम्म भारतातून गेला. फेंगशुईचे मूळ तेथल्या स्वतःच्या जुन्या कल्पनांत आहे. त्रिपिटकात तिचा पत्ता नाही. आपल्याकडे ती १९९० नंतरच्या काळात बाजाराच्या रस्त्याने आली. तीन पायांचा बेडूक, लाल फितीत ओवलेली चिनी नाणी, दाराला वाजणाऱ्या नळ्या, काचेच्या भांड्यातला बांबू, पाठीवर पिल्लू घेतलेले कासव, असा तो सगळा माल आहे.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. या विद्येच्या मुळाशी थोडा अनुभव होता. पाठीशी डोंगर असावा, समोर मोकळी जागा आणि पाणी असावे, दार दक्षिणेला असावे, असे चिनी लोक सांगत. चीनमध्ये हिवाळ्यात बोचरे वारे उत्तरेकडून येतात आणि ऊन दक्षिणेकडून मिळते. तेव्हा त्या देशात हे शहाणपणाचेच. आता गंमत पाहा. आपले वास्तुवाले सांगतात, दक्षिणेचे दार यमाचे, ते अशुभ. चिनी माणूस सांगतो, दक्षिणेचे दार उत्तम. आणि एकाच सदनिकेत राहणारा आपला माणूस दोघांनाही पैसे देतो!

नाशिकरोड भागातल्या एका घरी मी परित्राणपाठासाठी गेलो होतो. कुटुंब नवदीक्षित, कर्ता पुरुष कारखान्यात नोकरीला. मुलगा परीक्षेत नापास झाला, त्याच वर्षी घरातल्या बाईंचे आजारपण निघाले. कोणा सल्लागाराने येऊन सांगितले की ईशान्येला शौचालय आहे, सगळे त्याचेच फळ. त्यांनी ते शौचालय बंद केले. घरात सात माणसे, उरले एक. सकाळी रांग लागे. मुलीचे अभ्यासाचे टेबल खिडकीपाशी होते. तेही तोंडाची दिशा बदलावी म्हणून आतल्या अंधाऱ्या भिंतीला लावले. सल्लागाराची फी, गवंड्याची मजुरी, फरशीचा खर्च, हे भागवायला बाईंची पाटली मोडली. मी त्यांना रागावलो नाही. आजारी माणसाच्या घरात भीती असते, आणि भीतीला कोणीतरी धीराचे दोन शब्द बोलणारा हवा असतो. आम्ही कार्यकर्ते तेथे वेळेवर पोहोचलो नाही, सल्लागार पोहोचला. एवढे मात्र केले की त्याच दिवशी मुलीचे टेबल उचलून पुन्हा खिडकीपाशी ठेवले. डॉक्टरांकडे बाईंचे औषध चालू होते, ते नेमाने घ्यायला सांगितले.

आपल्या माणसांनी दिशेच्या या शास्त्रापुढे मान तुकवावी याचे वाईट वाटते, त्याचे कारण जुने आहे. ते शास्त्र आपल्या पूर्वजांशी कसे वागले हे आपण विसरलो आहोत. वराहमिहिराची बृहत्संहिता सहाव्या शतकातली. तीत वास्तूचे प्रकरण आहे. पांढरी माती ब्राह्मणाची, तांबडी क्षत्रियाची, पिवळी वैश्याची, काळी शूद्राची, अशी तेथे जमिनीचीही वर्णवारी लावली आहे. जमिनीचा उतार वर्णागणिक वेगळा, आणि घराची रुंदीही वरच्या वर्णाकडून खालच्याकडे घटत जाते. (आपल्या नाशिक जिल्ह्यातली काळी माती कांद्याला आणि ऊस-गव्हाला काय देते हे शेतकऱ्याला विचारा!) मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेरच राहावे असे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्यांची वस्ती स्मशानाच्या कडेला सांगितली आहे. म्हणजे ज्या विद्येने घराची जागा शुभ की अशुभ ठरवली, त्याच विचाराने माणसाचीही जागा ठरवली. गावकुसाबाहेरची जी जागा आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला आली ती काही त्यांनी होकायंत्र पाहून निवडली नव्हती. आज कर्ज काढून, हप्ते भरून, आपण स्वतःच्या नावाचे घर घेतो, आणि त्या घरात सर्वांत आधी त्याच शास्त्राला आत बोलावतो. विचार करा.

हे नाशिकच्या बौद्धाला दुसऱ्याने सांगायला नको. २ मार्च १९३० रोजी येथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब होते, कर्मवीर दादासाहेब गायकवाड होते. १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी मंदिराच्या चारही दरवाजांपुढे जाऊन बसली. पूर्वेचा दरवाजा बंद, पश्चिमेचा बंद, उत्तरेचा बंद, दक्षिणेचाही बंद. कोणतीच दिशा त्या दिवशी आपल्यासाठी शुभ नव्हती, कारण दोष दिशेत नव्हता, दार लावून घेणाऱ्यांच्या मनात होता. हा लढा सुमारे पाच वर्षे चालला. मग याच जिल्ह्यात, येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ती पुरी केली. ज्यांच्या आजीआजोबांनी चार दरवाजांपुढे उन्हात बसून काढले, त्यांच्या नातवंडांनी आपल्या दाराच्या दिशेची धास्ती घ्यावी काय?

तथागतांनी याविषयी काय सांगितले ते पाहू. दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, ज्या विद्यांवर श्रमणाने पोट भरू नये अशा हीन विद्यांची एक लांब यादी आहे. अंगावरच्या खुणांवरून भविष्य सांगणे, स्वप्नांचा अर्थ लावणे, मुहूर्त काढणे, ग्रहणाचे फळ सांगणे यांच्या जोडीला तीत 'वत्थुविज्जा' आहे. वत्थुविज्जा म्हणजेच वास्तुविद्या. अडीच हजार वर्षांपूर्वी हा धंदा चालू होता आणि तेव्हाच भगवंतांनी भिक्खूंना त्यापासून दूर ठेवले. तेव्हा जो भिक्खू अगर बौद्धाचार्य तुम्हाला दिशेचे दोष सांगू लागेल, त्याला नम्रपणे या सुत्ताची आठवण करून द्या.

पण भगवंत नुसते 'हे करू नका' म्हणून थांबले नाहीत. त्यांनी दिशांना नवा अर्थ दिला. ते दीघनिकायाच्या सिगालोवाद सुत्तात आहे, आणि नवदीक्षित घरात ते वर्षातून दोन-तीनदा तरी वाचले पाहिजे.

भगवान राजगृहाजवळ वेळुवनात होते. सकाळी भिक्षेला निघाले तेव्हा त्यांना सिगाल नावाचा एक गृहस्थपुत्र दिसला. केस ओले, वस्त्रे ओली, हात जोडलेले. तो पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली आणि वर अशा सहा दिशांना नमस्कार करीत होता. का, असे विचारता तो म्हणाला की वडिलांनी मरताना तसे सांगितले आहे. भगवान त्याला हसले नाहीत. मेलेल्या बापाचा शब्द पाळणाऱ्या मुलाची त्यांनी टिंगल केली नाही. ते म्हणाले की आर्यांच्या विनयात सहा दिशांना असा नमस्कार करीत नाहीत. आणि मग कसा करतात ते त्याला समजावले.

पूर्व दिशा म्हणजे मातापिता. दक्षिण दिशा म्हणजे गुरू. पश्चिम दिशा पत्नी आणि मुले. उत्तर दिशा मित्र व सोबती. खालची दिशा म्हणजे नोकर, कामकरी. वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. तथागतांच्या भाषेत ब्राह्मण हा जन्माने होत नाही, आचरणाने होतो, हे ध्यानात ठेवा. या सहांशी जो आपले कर्तव्य करतो त्याच्या सहाही दिशा सुरक्षित होतात. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गृहस्थांसाठी विनय सांगताना मुले, शिष्य, पतिपत्नी, मालक आणि नोकर यांची कर्तव्ये घेतली आहेत, ती याच परंपरेतली.

आता हीच नजर घेऊन आपल्या घरात फिरा.

पूर्वेची बाजू सांभाळायची आहे? मग म्हाताऱ्या आईची खाट कोठे आहे ते पाहा. दाराच्या झोताच्या वाऱ्यात आहे, की न्हाणीघराच्या ओलसर भिंतीला? नाशिकची थंडी बोचरी. निफाडकडे तर पारा कधी कधी फारच खाली उतरतो. आईला ऊब आणि उजेड मिळेल ती जागा घरातली पहिली जागा. दक्षिणेची बाजू म्हणजे गुरू. तेव्हा घरात पुस्तकांची फळी हवी. फार मोठे कपाट नको, एक फळी पुरे, पण ती मुलांच्या हाताला येईल इतकी खाली. बाबासाहेबांनी दादरला घर बांधले त्याला मगधाच्या जुन्या राजधानीचे, राजगृह हे नाव दिले, आणि ते घर बांधताना पुस्तकांची सोय डोळ्यांसमोर ठेवली. त्याआधी अनेक वर्षे ते परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहिले. पुस्तके तेथेही होतीच. जागा लहान आहे ही सबब आपल्याला चालणार नाही.

पश्चिमेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपले पुरुष येथे कमी पडतात. पतीने पत्नीची सेवा पाच प्रकारे करावी असे सुत्त सांगते : तिचा मान राखावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घराचा अधिकार तिच्या हाती द्यावा, आणि तिला वस्त्रालंकार द्यावेत. घराचा अधिकार! त्या काळात हे शब्द बोलले गेले आहेत. आपल्याकडे ओटा किती उंच असावा हे वास्तुवाला ठरवतो, गवंडी ठरवतो, नवरा ठरवतो. त्या ओट्यापुढे उभी राहणारी बाई सोडून सगळे ठरवतात. चुलीचा धूर, गॅसची वाफ बाहेर जायला झरोका आहे का, भांडी घासायला वाकावे लागते का, तिला विचारा. आणि शक्य असेल तर घराच्या कागदावर तिचे नाव घाला. सगळ्या आग्नेय कोपऱ्यांपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

खालची दिशा आपण विसरतो. ज्या गवंड्याने घर बांधले, जी बाई तुमच्याकडे धुणेभांडी करते, ती ही दिशा. सुत्तात मालकाला सांगितले आहे की शक्ती पाहून काम द्या, अन्न आणि वेतन द्या, आजारपणात काळजी घ्या, चांगलेचुंगले वाटून खा, वेळेवर सुटी द्या. ज्यांच्या आयांनी दुसऱ्यांच्या घरी वेगळ्या कपात चहा प्याला, त्यांच्या घरात वेगळा कप असता कामा नये.

वारा-पाण्याचा विचार बौद्धाने करूच नये असे मी म्हणत नाही. अवश्य करा, पण डोळे उघडे ठेवून. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूच्या भिंतीला ओल येते, तेथे पुस्तके किंवा धान्य ठेवू नका. चैत्र-वैशाखात पश्चिमेचे ऊन भिंत तापवते. तिकडे पडदा लावा, बाहेर जागा असेल तर झाड लावा. समोरासमोर दोन खिडक्या उघड्या राहतील असे कपाट ठेवा. साठलेले पाणी काढा, डास होतात. हे हवामान आहे. यात कोणाचा कोप नाही आणि कोणाला दक्षिणा नाही.

पुढच्या सुटीला मुलांना घेऊन पांडवलेणीला जा. पांडवांचा त्या लेण्यांशी काही संबंध नाही. शिलालेखांत त्या डोंगराचे नाव त्रिरश्मी आहे, आणि लेणी बौद्ध भिक्खूंची आहेत. चोवीस लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला ओळीने कोरली आहेत. पाठीशी डोंगर असल्यामुळे दक्षिणेचे ऊन आणि नैर्ऋत्येचा पाऊस अडतो. पण कार्ल्याचा चैत्य पश्चिमेकडे तोंड करून आहे, आणि अजिंठ्याची लेणी वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर वेगवेगळ्या दिशांना उघडतात. कडा जेथे चांगला मिळाला तेथे भिक्खूंनी कोरले. प्रत्येक ठिकाणी पाण्याची टाकी मात्र विचारपूर्वक खोदलेली दिसतील. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हणतात.

अठरा नंबरचे लेणे चैत्यगृह आहे. तेथे स्तूप आहे. त्या काळी तेथे बुद्धमूर्ती नव्हती, मूर्ती या लेण्यांत पुढे आल्या. म्हणून ज्याला मूर्ती घेणे परवडत नाही त्याने मन खट्टू करू नये. तथागतांचे एक स्वच्छ चित्र, शेजारी बाबासाहेबांचे, एवढ्याने घर बौद्धाचे दिसते. ती चित्रे कोणत्या दिशेला, असे पुन्हा विचारू नका. जेथे धूळ-धूर लागणार नाही आणि बसून वंदना करता येईल तेथे. त्याच चैत्याच्या दर्शनी भागावर धंभिक नावाच्या गावाच्या दानाचा लेख आहे. एका गावाने मिळून ते दान दिले.

आणि दहा नंबरचे लेणे मुद्दाम पाहा. नहपान राजाचा जावई उषवदात याने ते दिले. त्याने ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. कोठे? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम खर्च करायची नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाला २४० कार्षापण होतात; त्यातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. हिशेब मुलांकडून करवून घ्या. नाशिकच्या बौद्धांचा पैसा असा वाढत होता, मागांवर बसणाऱ्या विणकरांच्या कष्टाने. लाल फितीत बांधलेली तीन नाणी दाराला टांगून तो वाढत नव्हता. सिगालालाही भगवंतांनी हेच सांगितले : मिळकतीचे चार भाग करा, एक भाग संसाराला, दोन भाग उद्योगाला, आणि एक भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवा.

आता तुमच्या देव्हाऱ्याकडे वळतो. बाबासाहेबांच्या प्रतिज्ञा स्पष्ट आहेत. देवदेवतांची उपासना करायची नाही आणि ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करवून घ्यायचे नाही. तेव्हा वास्तुशांत, सत्यनारायण, मुहूर्ताचा नारळ हे बौद्धाच्या घरी होणार नाही, यात तडजोड नाही. परंतु घरात ऐंशी वर्षांची आजी असते. तिचे टाक तिच्या सासूने तिला दिलेले असतात. तिच्या डोळ्यांदेखत ते फेकून देणारा तरुण प्रतिज्ञा पाळतो आणि करुणा मोडतो. तिच्यापाशी बसा. दोन दिवस लागोत, दोन महिने लागोत. येवल्याची, काळारामची गोष्ट तिला माहीत असते, कधी कधी तुमच्यापेक्षा जास्त. तिलाच ती सांगायला लावा. मी पाहिले आहे, शेवटी अशा आज्या स्वतःच टाक काढून देतात. मुलांना मात्र पहिल्या दिवसापासून नव्या रीतीने वाढवा.

गृहप्रवेश रविवारी करा, म्हणजे सगळ्यांना सुटी असते. विहारातले भन्ते किंवा भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य बोलवा. त्रिशरण, पंचशील, बुद्धपूजा, परित्राणपाठ. पुष्प वाहताना ते कोमेजणारे आहे हे मुलांना सांगा, मेणबत्ती लावताना ती का लावली ते सांगा. पंचरंगी धम्मध्वज दारावर लावा. तो १८८५ साली श्रीलंकेत तयार झाला. मग सिगालोवाद सुत्त मराठीतून मोठ्याने वाचा, घरातल्या मुलीकडूनच वाचवून घ्या. शेजारपाजारचे कोणत्याही जातीधर्माचे असोत, त्यांना बोलवा आणि खीर द्या. भोजनाचा खर्च आवरून काही शिल्लक टाकता आली तर घरातल्या मुलाच्या फीसाठी बाजूला काढा.

आणि तो कपाटावरचा हसरा पुतळा? तो फोडू नका. ज्याने दिला त्याने प्रेमाने दिला. वंदनेच्या जागेपासून तो काढा आणि लहान मुलांना खेळायला द्या. झोळीवाला बुदाय मुलांतच रमत असे.